एका पानाचा हिशेब

सांगलीच्या हरभट रोडलगतच्या एका गल्लीत कार्यालयीन साहित्याचे एक जुने दुकान आहे. दुकानाच्या मालकांना घरात आणि बाजारपेठेत सारेच अण्णा म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हे दुकान मांडले, तेव्हा टाइपरायटरच्या रिबिनी, कार्बन पेपर, स्टेन्सिलचे कागद आणि सायक्लोस्टाइलची शाई एवढाच माल फळ्यांवर असे. त्या काळी भावाची गोष्ट सरळ होती. खरेदीवर वाहतूक चढवायची, त्यावर रास्त नफा धरायचा आणि गिऱ्हाइकाला एकच भाव सांगायचा. रिबीन संपली की गिऱ्हाईक परत येई. कारण रिबीन मिळण्याचे गावातले ठिकाण तेच होते.

आज त्याच फळ्यांवर लेझर प्रिंटरच्या टोनरची खोकी रचलेली आहेत. दुकान वाढले, धाकटा मुलगा व्यवसायात आला, एम. कॉम. झालेली सूनबाई हिशेब आणि जीएसटीचे काम पाहू लागली. उलाढाल पूर्वीच्या कितीतरी पट झाली. तरीही वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना अण्णांच्या कपाळावर आठी उमटू लागली. विक्रीचा आकडा मोठा आणि उरलेली रक्कम लहान, हे गणित त्यांना उलगडत नव्हते.

एका संध्याकाळी एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. मुख्य कार्यालय आणि ११ शाखा, प्रत्येक ठिकाणी एक लहान प्रिंटर; दरमहा २० टोनर या दुकानातून जात. व्यवस्थापक संकोचून म्हणाले, "अण्णा, वीस वर्षांचा संबंध आहे म्हणून आधी तुम्हालाच विचारतो. तुम्ही ४,५०० लावता. तोच टोनर ऑनलाइन ४,२०० ला दिसतो. संचालक मंडळात मला उत्तर द्यावे लागते."

मुलाने संगणकावर खरेदीचे बिल उघडले. दुकानाची स्वतःची खरेदीच ४,२७५ रुपये होती. म्हणजे ज्या भावाने परका विक्रेता घरपोच माल देत होता, तो भाव अण्णांच्या खरेदीपेक्षाही ७५ रुपयांनी कमी होता. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून अण्णा पुन्हा दुकानात येऊन बसले, तेव्हा मुलगा म्हणाला, "अण्णा, या धंद्यात आता राम राहिला नाही. भाव पाडायचा तर तोटा, न पाडावा तर गिऱ्हाईक जाते." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी टोनरचे एक खोके हातात घेतले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

या खोक्याचा भाव असा अनाकलनीय का झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कागदपत्रांचे काम करणारे चेस्टर कार्लसन हे गृहस्थ हाताने नकला करून कंटाळले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया या भागातील एका खोलीत त्यांनी गंधकाचा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर स्थिर विद्युतभार निर्माण करून, त्यावर लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी शिंपडली आणि मेणकागदावर पहिली कोरडी नक्कल उतरवली. ती भुकटी म्हणजे आजच्या टोनरची आजीच म्हणायची. आजचा टोनर हा प्लॅस्टिकसदृश राळ, काजळी, मेण आणि विद्युतभार सांभाळणारी द्रव्ये यांची अत्यंत बारीक पूड असतो. उष्णतेने ती वितळते आणि कागदावर कायमची बसते.

कार्लसन यांच्या शोधावर आधारलेले झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये आले. ते यंत्र कार्यालयांना प्रामुख्याने भाड्याने दिले जाई आणि ठरावीक संख्येच्या पुढच्या प्रत्येक नकलेचे पैसे घेतले जात. यंत्र विकण्यापेक्षा पान विकण्यात अधिक स्थिर उत्पन्न आहे, हे व्यापारी जगाला तेव्हा उमगले. पुढे १९८४ मध्ये एचपी कंपनीचा लेझरजेट आला. त्याचे छपाईचे अंतरंग कॅननने बनवलेले होते आणि पूड व ड्रम हे दोन्ही एकाच बदलता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये बसवलेले होते. गिऱ्हाइकाची सोय झाली हे खरेच. पण त्याचबरोबर कमाईची किल्ली यंत्रातून निघून कार्ट्रिजमध्ये गेली. त्या प्रिंटरची किंमत तेव्हा ३,४९५ डॉलर होती. पुढे यंत्रे स्वस्त होत गेली आणि लहान यंत्रांच्या बाबतीत तर दोन-तीन टोनरच्या किमतीत नवा प्रिंटर येऊ लागला. दिवा स्वस्त द्यायचा आणि तेलावर कमवायचे, असा हा व्यवहार आहे.

हा माल दुकानापर्यंत येतो तो पायऱ्या उतरत. कंपनीकडून राष्ट्रीय वितरक, त्याच्याकडून विभागीय वितरक, मग गावातला विक्रेता आणि शेवटी गिऱ्हाईक. बिलावर दिसणारा भाव हा या वाटेवरचा पूर्ण भाव नसतो. तिमाहीचे उद्दिष्ट गाठणाऱ्याला मागाहून क्रेडिट नोटने सवलत मिळते. ज्याचे उद्दिष्ट थोडक्यात हुकते आहे, असा मोठा विक्रेता तिमाहीच्या शेवटच्या दिवसांत खरेदीभावालाही माल काढून टाकतो. कारण त्याचा नफा विक्रीत नसून मागाहून येणाऱ्या सवलतीत असतो. ऑनलाइन दिसणारा तो ४,२०० चा भाव बहुधा असाच जन्माला येतो. महिन्याला पन्नास-साठ खोकी घेणाऱ्या गावच्या दुकानदाराने त्या भावाशी स्पर्धा करणे म्हणजे दुसऱ्याच्या सवलतीशी आपल्या भांडवलाने झुंजणे होय.

मुलाने दुसरा मार्ग सुचवला. "आपण सरळ स्वस्तातला माल ठेवू. सहाशे रुपयांत तेच काम होते." येथे अण्णांनी प्रथमच तोंड उघडले. "स्वस्तातला माल म्हणजे कोणता, ते आधी ठरव," ते म्हणाले.

बाजारात टोनर चार प्रकारचा असतो. पहिला यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा अस्सल. दुसरा सुसंगत, म्हणजे दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेला आणि त्याच यंत्रात चालणारा. तिसरा रिकाम्या कार्ट्रिजची साफसफाई करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा भरलेला. हे तीनही व्यवहार उघड आहेत, मात्र खोक्यावर आणि बिलावर खरे लिहिलेले असले पाहिजे. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीने सवलतीत विकलेली कार्ट्रिजे एकदाच वापरून परत करण्याची अट घातली होती. वेस्ट व्हर्जिनियातील इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या लहानशा कंपनीने अशी रिकामी कार्ट्रिजे भरून विकली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० मे २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. निकाल त्या देशापुरता असला, तरी विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची, हे तत्त्व कोणत्याही व्यापाऱ्याला पटण्यासारखे आहे.

चौथा प्रकार म्हणजे नकली. रिकामे अस्सल कार्ट्रिज हलक्या पुडीने भरायचे, छापलेल्या बनावट खोक्यात घालायचे आणि अस्सल म्हणून विकायचे. अण्णांना हा प्रकार पुस्तकातून ठाऊक झालेला नव्हता. सात-आठ वर्षांपूर्वी एक अनोळखी माणूस दुकानात आला आणि २० टक्के कमी भावात, बिलाशिवाय, रोखीने दहा खोकी देऊन गेला. सील जागच्या जागी होते, छपाई बेमालूम होती. महिन्याभरात एका शाळेच्या प्रिंटरमध्ये पूड सांडली, यंत्र निकामी झाले आणि तपासणीत खोके नकली ठरले. अण्णांनी विकलेली सारी खोकी परत आणवली, शाळेला अस्सल टोनर दिला आणि दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसला. बिल नसल्यामुळे कोणाकडे दाद मागायची सोय नव्हती.

पैसा गेला त्याचे दुःख थोडे होते. खरी भीती नंतर एका वकिलांनी समजावली. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम १०४ नुसार खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती आणि माल कोणाकडून घेतला ते सांगू शकतो, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावरच असते. बिल नसलेला माणूस ते कसे सिद्ध करणार? आणि कायद्याच्या कितीतरी आधी, अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ मोजलेला आहे, हे अण्णांनी लहानपणी पाठशाळेत ऐकलेले होते. नकली वस्तू अस्सल म्हणून देणे ही चोरीच, हे त्यांना नव्याने कळले ते चाळीस हजार रुपये मोजल्यावर. म्हणूनच ते मुलाला म्हणाले, "सुसंगत माल जरूर ठेव, पण सुसंगत म्हणूनच वीक. बिलाशिवाय एक खोकेही या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

तोवर शांत बसलेल्या सूनबाईने आपला कागद पुढे केला. "अण्णा, भावाआधी दिवस मोजले पाहिजेत," ती म्हणाली. तिने एकाच खोक्याचा हिशेब मांडला होता. खरेदी ४,२७५, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ५,०४५ रुपये वितरकाला २१ दिवसांत द्यावे लागतात. पतसंस्थेचे पैसे ७५ दिवसांनी येतात. मधले ५४ दिवस बँकेच्या कॅश क्रेडिटवर ११ टक्क्यांनी व्याज भरावे लागते, ते सुमारे ८२ रुपये. २२५ रुपयांच्या नफ्यातून व्याज गेले, शाखेपर्यंत पोहोचवण्याचा खर्च गेला. हाती ऐंशी-नव्वद उरले. ज्या कार्यालयाकडून १५० दिवसांनी पैसे येतात, तेथे व्याजच १९६ रुपये. पोहोचवण्याचा खर्च धरला तर ते खोके फुकट वाटल्यासारखेच.

याहून मोठा धोका व्याजात दिसत नाही. बँक साधारणतः ९० दिवसांपेक्षा जुनी येणी कर्जमर्यादेच्या हिशेबात धरत नाही. उधारी लांबली की एकीकडे पैसा अडकतो आणि दुसरीकडे बँकेतून उचलता येणारी रक्कमही कमी होते. विक्रीवरचा जीएसटी मात्र पैसे येवोत वा न येवोत, विवरणपत्रासोबत भरावाच लागतो. लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत म्हणून २००६ च्या कायद्यात तरतूद आहे. पण २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. विलंबित देण्याचे ते संरक्षण निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. दुकानदाराचा कायदा म्हणजे त्याची स्वतःची उधारीची शिस्त. वर्षानुवर्षे जो आकडा अण्णांना उलगडत नव्हता, तो त्या एका कागदावर उलगडला.

दुसऱ्या दिवशी मुलगा एक वेगळी योजना घेऊन आला. टोनर विकायचाच नाही; छापलेले पान विकायचे. शाखांतले लहान प्रिंटर काढून दुकानाच्या मालकीचे मोठे प्रिंटर ठेवायचे, टोनर आणि दुरुस्ती दुकानाने सांभाळायची आणि पतसंस्थेने दरमहा छापलेल्या पानांचे पैसे द्यायचे. त्याचे गणित असे होते: लहान कार्ट्रिज १,५०० पानांचे, किंमत ४,५००, म्हणजे पानाला ३ रुपये. २० कार्ट्रिजे म्हणजे महिन्याला ३०,००० पाने. मोठ्या यंत्राचे कार्ट्रिज ९,००० रुपयांचे, पण १०,००० पानांचे. म्हणजे पानाला ९० पैसे. वेगळ्या ड्रमचे २० पैसे. १२ यंत्रांची किंमत ३ लाख ६० हजार, ती तीन वर्षांत फेडायची तर पानामागे ३३ पैसे. दुरुस्ती आणि व्याजाचे २५ पैसे. एकूण १ रुपया ६८ पैसे. दर २ रुपये लावला तरी पानामागे ३२ पैसे सुटतात.

अण्णांनी कागद लक्षपूर्वक वाचला. मग ते उठले आणि गल्ल्याखालच्या खणातून एक लाल कापडी बांधणीची वही घेऊन आले. दुकानाचा कारागीर कोणत्याही गिऱ्हाइकाकडे टोनर बदलायला गेला, की चाचणीचे पान काढून त्यावरचा एकूण छपाईचा आकडा वहीत उतरवायचा, असा त्यांचा जुना दंडक होता. मुलाला ही वही कालबाह्य वाटत असे. अण्णांनी पतसंस्थेचे पान काढले. दोन आकड्यांतला फरक कुठेही १,५०० नव्हता. कुठे १,१५०, कुठे १,२५०; सरासरी १,२००.

खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो विशिष्ट परिस्थितीतला असतो. काळ्या छपाईच्या कार्ट्रिजसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ हे मानक २००४ पासून आहे. त्यानुसार ठरावीक नमुन्याची पाने सलग छापून सरासरी काढतात, आणि अशा पानाचा सुमारे ५ टक्के भागच छपाईने व्यापलेला धरला जातो. पतसंस्थेच्या कर्जप्रकरणात चौकटी असतात, बोधचिन्ह असते, ओळखपत्रांच्या काळ्याभोर नकला असतात. शिवाय शाखेत एक पान आता, एक पान दहा मिनिटांनी अशी छपाई चालते. दर वेळी यंत्र नव्याने फिरते आणि तेवढी झीज होते.

सूनबाईने लगेच आकडे बदलले. खरी पाने ३०,००० नव्हेत, २४,०००. मोठे कार्ट्रिजही त्याच प्रमाणात ८,००० पानेच देणार; म्हणजे पानाला ९० पैसे नव्हे, १ रुपया साडेबारा पैसे. पाने कमी म्हणून यंत्राचा वाटा ३३ ऐवजी ४२ पैसे. ड्रम आणि दुरुस्ती धरून बेरीज जवळजवळ बरोबर २ रुपये. मुलाने २ रुपये दर देऊन टाकला असता, तर तीन वर्षे राबून दुकानाला एक पैसाही उरला नसता. मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अण्णा, ही वही माझ्याकडे द्या." अण्णांनी ती दिली आणि म्हणाले, "आणि तुझी ही कल्पना मला सुचली नसती."

तिघे मिळून पतसंस्थेत गेले. अण्णांनी व्यवस्थापकांपुढे वही उघडून ठेवली आणि सांगितले, "साहेब, तुमचे पान तीन रुपयांना नाही, पावणेचार रुपयांना पडते. महिन्याला ९०,००० जातात. ऑनलाइन भावाने घेतलेत तर ८४,००० जातील. आम्ही सव्वादोन रुपयांना पान देतो, ५४,००० होतील." व्यवस्थापकांनी विचारले, "अण्णा, मग इतकी वर्षे हे का सांगितले नाहीत?" प्रश्न रास्त होता. अण्णांनी सबब सांगितली नाही. "आम्ही खोकी मोजत होतो, पाने मोजली नाहीत. चूक आमची," ते म्हणाले.

करार लगेच झाला नाही. संचालक मंडळाने दोन शाखांत तीन महिने प्रयोग करून पाहिला, मग सर्वत्र मान्यता दिली. सूनबाईने तीन अटी आग्रहाने घातल्या: दरमहा किमान पानांची हमी, ३० दिवसांत पैसे, आणि मुदतीआधी करार मोडल्यास यंत्रांच्या न फिटलेल्या किमतीची भरपाई. साडेतीन लाखांवरची यंत्रे दुसऱ्याच्या कार्यालयात ठेवायची तर भिडस्तपणा उपयोगाचा नाही.

या बदलाचे मोल दुकानालाही मोजावे लागले. पतसंस्थेची उलाढाल ९०,००० वरून ५४,००० वर आली. लहान टोनरची खरेदी घटल्यामुळे वितरकाचे तिमाही उद्दिष्ट हुकले आणि त्या वर्षीची सवलत बुडाली. बाजारपेठेत कोणी म्हणाले, अण्णांचा धंदा बसला. पण पानामागे २५ पैसे, म्हणजे महिन्याला ६,००० रुपये, व्याज आणि दुरुस्ती जाऊन उरू लागले. खोकी विकताना त्याच गिऱ्हाइकाकडून जेमतेम पावणेदोन हजार हाती राहत असत.

सगळीच गिऱ्हाइके या रीतीत बसत नाहीत. महिन्याला शंभर-दोनशे पाने छापणाऱ्या वकिलाला किंवा किराणा दुकानदाराला मोठे यंत्र देणे त्याचे नुकसान करणे होय. त्याला अण्णा सुसंगत टोनर देतात, बिलावर तसे स्पष्ट लिहितात आणि बिघडल्यास बदलून देण्याची हमी देतात. ज्याला अस्सलच हवा आणि ऑनलाइन स्वस्त मिळतो, त्याला ते तिकडून घेण्यास सांगतात. फक्त विक्रेत्याचे नाव आणि जीएसटी बिल पाहून घ्या, असे बजावतात. असे गिऱ्हाईक पुढच्या कामाला बहुधा परत येते.

व्यापारी घराण्यांत पुढची पिढी नवी रीत आणते आणि मागची पिढी जुनी वही सोडत नाही, यावरून कुरबुरी होतात. या दुकानात त्या दोन्हींची गरज एकाच कागदावर दिसली, हे त्यांचे भाग्य. आता नव्या गिऱ्हाइकाने टोनरचा भाव विचारला, की मुलगा भाव सांगण्याआधी विचारतो, "महिन्याला पाने किती छापता?" बहुतेकांना ते सांगता येत नाही. मग कारागीर जाऊन चाचणीचे पान काढून आणतो आणि लाल वहीत तारीख व आकडा चढतो. अक्षर आता मुलाचे असते. रोज संध्याकाळी अण्णा ते एकदा वाचून पाहतात.